मृगजळाच्या मुलखांत मराठी पलटणी

दख्खनच्या शेतकऱ्याला पाण्याचें दुर्भिक्ष नवें नाहीं. बालाघाटाच्या पठारावर, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, येरमाळा नांवाचें गांव आहे. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेमुळें तें महाराष्ट्रांत दूरवर ठाऊक आहे. अशा गांवच्या माणसाला उन्हाळा म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. विहिरीचा तळ दिसूं लागला म्हणजे गुरांना किती पाजावयाचें, माणसांसाठीं किती राखावयाचें, कोणत्या ओढ्याच्या वाळूंत झिरा खणला असतां ओल लागेल, हें त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें उमजतें. परंतु त्याच्या दुष्काळाला खुणा असतात. दूरवर डोंगराची कड असते, तिच्यावर देवळाचें शिखर असतें, वाटेवर चिंच वा लिंब असतो. त्यांवरून अंतर कळतें आणि दिशा सांपडते. जेथें अशी एकहि खूण नाहीं, जमीन परातीसारखी सपाट आहे, आणि जिकडे पहावें तिकडे नसलेलें पाणी लकाकत आहे, अशा मुलखांत याच दख्खनच्या माणसांना सन १९१४ च्या अखेरीस लढावयास जावें लागलें. त्या मुलखाचें नांव इराक. त्या काळीं त्यास मेसापोटेमिया म्हणत. तेथें हे शिपाई काय शिकले आणि त्या शिक्षणाची गुरुदक्षिणा किती जबर होती, हें आज शंभराहून अधिक वर्षांनंतरहि समजून घेण्यासारखें आहे.

येरमाळा व त्याचा सारा परिसर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. हैदराबाद संस्थानचें लान्सर घोडदळ त्याच सुमारास सुएझ कालव्याच्या रक्षणासाठीं मिसर देशांत गेलें व तेथील वाळवंट त्यानेंहि पाहिलें. परंतु वाळवंटी युद्धाचा खरा कडू घोट मराठी माणसाच्या वांट्यास आला तो मुंबई इलाख्यांतील पलटणींतून. हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन पुण्याच्या नांवानें ओळखली जात असे. तिची पहिली तुकडी १६ ऑक्टोबर १९१४ रोजीं मुंबई बंदरांतून निघाली. या डिव्हिजनच्या तीन मूळ ब्रिगेडींत मिळून मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: सोळाव्या ब्रिगेडींत ११७ वी मराठा, सतराव्या ब्रिगेडींत १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री आणि अठराव्या ब्रिगेडींत ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. त्यांपैकीं १०३ वी सन १७६८ मध्यें उभारलेली, ११० वी १७९७ मधील आणि ११७ वी १८०० मधील. त्यांत देशावरचे व कोकणचे मराठे होते आणि त्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमान होते.

पलटणी जुन्या, परंतु त्यांतील शिपाई मोठ्या युद्धाला नवखे. त्यांची तयारी होती ती वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांशीं लढण्याची: डोंगराचा आडोसा घ्यावा, उंचवट्यावर चौकी बसवावी, थोडक्या माणसांनीं खिंड राखावी. एका पलटणीजवळ मशीनगन अवघ्या दोन. शत्रूच्या तोफखान्याखालीं मैलोगणती उघड्या मैदानांतून चालत जाण्याचा प्रसंग त्यांतल्या बहुतेकांवर कधीं आलेला नव्हता. त्यांतच त्या काळच्या इंग्रज सेनाधिकाऱ्यांत ‘लढवय्या जातीं’ची एक समजूत रुजलेली होती. खरे योद्धे ते उत्तरेकडील. दक्षिणेकडील लोकांचें पाणी दीर्घ शांततेमुळें ओसरलें, असें त्यांचें मत. मराठी पलटणी गलबतांत चढल्या त्या असा अविश्वास पाठीवर घेऊनच.

६ नोव्हेंबर १९१४ रोजीं शत-अल्-अरब नदीच्या मुखाशीं फाओ येथें फौज उतरली. त्यानंतर १५ तारखेस सैहान येथें व १७ तारखेस साहिल येथें चकमकी झाल्या. वाळवंट म्हणजे कोरडी वाळू, अशी कल्पना करून आलेल्यांना साहिलच्या दिवशीं पहिला धक्का बसला. मुसळधार पाऊस पडला आणि पायांखालची जमीन चिखलाची झाली. ही जमीन वाळूची नव्हेच. ती नदीच्या गाळाची, खारट मातीची. ऊन असतां ती विटेसारखी टणक होते आणि पाऊस पडतांच घोट्यापर्यंत पाय धरते. मागें झुडूप नाहीं, पुढें बांध नाहीं. अशा उघड्यावरून गोळ्यांच्या वर्षावांत चालत जाणें शिपायांना भाग पडलें. विजय मिळाला, बसरा हातीं आलें. परंतु या मुलखांत आडोसा हा आपल्या हातांनीं खणावा लागतो, आणि कुदळ ही बंदुकीइतकीच जवळ असावी लागते, हा पहिला धडा तेथें मिळाला.

दुसरा धडा नदीनें शिकविला. टायग्रिस व जुना युफ्रेटिस यांच्या संगमावर कुर्ना नांवाचें गांव आहे. ४ डिसेंबर रोजीं ११० व्या मराठा पलटणीचे कर्नल फ्रेझर हे आपली पलटण व आणखी थोडी फौज घेऊन त्यावर चालून गेले. वाटेंतील शत्रू मागें रेटून ते गांवासमोरच्या कांठापर्यंत पोहोंचले. तेथें त्यांना दिसलें कीं, मधील नदी ओलांडावयास साधनच नाहीं. जिंकलेली जमीन सोडून त्यांना संध्याकाळीं तळावर परतावें लागलें. कुमक आल्यावर वरच्या अंगानें दोर पलीकडे नेऊन, होडीच्या साह्यानें फौज पार करण्यांत आली. तेव्हां ९ डिसेंबर रोजीं कुर्न्यांतील तुर्की फौज शरण आली. जेथें एकच वाट आहे आणि ती पाण्याची आहे, तेथें नावांशिवाय शौर्य कांठावरच थांबतें, हें शिपायाच्या नजरेस तेव्हांच आलें. सरसेनापतींच्या कचेरींत तें पटावयास पुढें आणखी दीड वर्ष लागलें.

सन १९१५ च्या एप्रिलांत शैबा येथें या नव्या फौजेची पहिली मोठी परीक्षा झाली. शैबा हें बसऱ्याच्या पश्चिमेस वाळवंटाच्या कडेचें ठाणें. युफ्रेटिसच्या पुरामुळें बसरा व शैबा यांच्यामध्यें कित्येक मैल पाणी पसरलें होतें. तें इतकें उथळ कीं, मोठी नाव चालेना, आणि इतकें पसरट कीं, पायीं जाणाऱ्याची दमछाक व्हावी. शिपाई त्या पाण्यांतून चालत, किंवा ‘बेलम’ नांवाच्या अरबी होड्या बांबूनें रेटीत, शैब्याला पोहोंचले. १२ एप्रिल रोजीं सुलेमान अस्करी बे यांच्या तुर्की फौजेनें आणि तिच्याबरोबरच्या फार मोठ्या अरब व कुर्द जमावानें ठाण्यावर हल्ला चढविला. तो परतविल्यावर १४ तारखेस जनरल मेलिस हे फौज घेऊन बर्जिसिया येथील झाडीकडे निघाले. ११० वी व ११७ वी या दोन्ही मराठा पलटणी या लढाईंत होत्या.

त्या दिवशींचा खरा शत्रू मृगजळ होता. सकाळचें ऊन चढतांच जमीन हालूं लागे. समोरचा खंदक तळ्यासारखा दिसे, माणूस झाडाएवढा दिसे, आणि मागचें झाड हवेंत तरंगे. तोफखान्याला आपला गोळा कोठें पडला हें कळेना. तुर्कांचे खंदक हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसलेच नाहींत. भर दुपारीं पखालींतलें पाणी संपलें. ज्यांनीं सकाळीं घटाघटा पाणी पिऊन बाटल्या रिकाम्या केल्या होत्या त्यांच्या जिभा सुजल्या. तासन्‌तास रांग जागची हालेना. माघारीचा हुकूम आतां द्यावा कीं काय, अशा विचारापर्यंत सेनापति आले असतां इंग्रजांची डॉर्सेट पलटण संगिनी रोखून उठली व तिच्यापाठोपाठ सारी रांग उठली. तुर्कांचा मोड झाला. अस्करी बे यांनीं पराभवाच्या लाजेनें स्वतःचा अंत करून घेतला. तुर्कांनीं दुरून येणारीं खेचरें व गाड्या मृगजळांत पाहिलीं आणि मोठी कुमक आली असें समजून पाय काढला, अशी आख्यायिका नंतर छावणींत प्रसृत झाली. ती खरी असो वा नसो, मृगजळ कोणाचेंच पक्षपाती नाहीं हें सर्वांना उमगलें. या तीन दिवसांत इंग्रजांकडील हजाराहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं.

शैब्यानंतर शिपाई बदलला. पाण्याची बाटली दुपारपर्यंत न उघडण्याची शिस्त त्यानें आपणच स्वतःला लावून घेतली. दिसतें त्यावर न विसंबतां पावलें मोजून अंतर ठरवावें, हल्ला पहाटेच्या गारव्यांत करावा, आणि ऊन चढण्यापूर्वीं खंदकांत असावें, हें तो शिकला. परंतु वरिष्ठांनीं या विजयापासून घेतलेला धडा वेगळाच होता: तुर्क एका रेट्यासरशीं पळतो, असा. पुढील यशांनीं त्यांच्या या समजुतीला पुष्टीच मिळाली. ३१ मे रोजीं जनरल टाउनशेंड यांनीं कुर्न्याच्या वरच्या बाजूस पुराच्या पाण्यांतून शेंकडों बेलम होड्या लोटून शत्रूचीं टेकाडावरील ठाणीं घेतलीं. १०३ वी मराठा या अपूर्व नौकायुद्धांत होती. घोट्याभर चिखलांत लढलेले शिपाई आतां पुढें लोखंडी पत्रा बांधलेल्या होड्या रेटीत, वेळूंच्या बेटांतून वाट काढीत चालले होते. त्यानंतर चारच दिवसांत, ३ जून रोजीं, मूठभर लोकांनिशीं अमारा शहर घेण्यांत आलें. एवढें सोपें यश मिळाल्यावर बगदाद फार दूर वाटेना.

मध्यंतरीं उन्हाळा आला. सावलींत पारा ११५ ते १२० अंश फॅरनहीटपर्यंत चढे. मोडशी, हिवताप व उष्म्याचा झटका यांनीं छावण्या भरून गेल्या. आणि बसऱ्यापासून फौज जसजशी दूर जाऊं लागली तसतशी रसदेची एकच दोरी, टायग्रिस नदी, लांबत चालली. त्या वेड्यावांकड्या व उथळ नदींत चालतील अशा आगबोटी फारच थोड्या होत्या. धान्य, दारूगोळा, चारा, औषधें आणि परत येणारे जखमी या सर्वांना त्याच बोटी.

२८ सप्टेंबर १९१५ रोजीं कूत-अल्-अमारा या गांवाजवळ लढाई झाली. तुर्कांच्या बगलेस वळसा घालण्यासाठीं रात्रीं निघालेली एक तुकडी दलदलींत वाट चुकली व सकाळीं भलत्याच ठिकाणीं निघाली. दिवसभर लढून फौज जिंकली. परंतु तहानेनें ती इतकी व्याकुळ झाली होती कीं, पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करण्याचें त्राण कोणांत उरलें नाहीं. समोर दलदलीचें पाणी होतें, पण तें खारट. ११७ वी मराठा या वळशाच्या फौजेंत होती. दुष्काळी मुलखांतल्या माणसाला कोरडा ओढा ठाऊक असतो. डोळ्यांसमोर पाणी असून तोंडाला लावतां येत नाहीं, हें दुःख मात्र त्याला नवें होतें.

तरीहि पुढें जाण्याचाच हुकूम सुटला. बगदादच्या आग्नेयेस वीस-बावीस मैलांवर टेसिफोनचे प्राचीन अवशेष आहेत. इराणच्या सासानी राजांच्या वाड्याची प्रचंड कमान त्या सपाट मैदानांत फार दुरून दिसते. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं त्या कमानीच्या दृष्टिपथांत सहाव्या डिव्हिजननें तुर्कांच्या मजबूत खंदकांवर हल्ला केला. तिन्ही मराठा पलटणी रणांगणावर होत्या. पहिल्याच दिवशीं तुर्कांची पुढची फळी व तिच्यांतील मोक्याचा बुरूज हातीं आला. पण राखीव फौज कोठली? तुर्कांनीं ताजी कुमक आणून प्रतिहल्ले केले. तीन दिवसांत सुमारे साडेचार हजार माणसें पडलीं. म्हणजे लढत्या फौजेपैकीं तिसऱ्या हिश्शाहूनहि अधिक. शिपायांनीं आतां या भूमीवर लढण्याची कला हस्तगत केली होती. परंतु पाठीशीं दुसरी फौज, पुरेसा तोफखाना आणि बोटी नसतील तर ती कला विजय टिकवूं शकत नाहीं.

यानंतर जखमींचे जे हाल झाले ते त्या मोहिमेचें सर्वांत लाजिरवाणें पान होय. जखमींसाठीं गाड्या नव्हत्या. खेचरांच्या मालगाड्या होत्या. त्यांना कमानी नाहींत, तळाला लोखंडी पट्ट्या. मांडीचें हाड मोडलेला माणूस असल्या गाडींतून खांचखळग्यांच्या जमिनीवरून मैलोगणती नदीपर्यंत न्यावयाचा. नदीवर पोहोंचल्यावर बोटीच्या उघड्या फळ्यांवर त्यांना दाटीवाटीनें निजविलें जाई. बसऱ्यास पोहोंचावयास कित्येकांना दहा-बारा दिवस लागले. जखमा तशाच, पट्ट्या तशाच, मोडशीनें बेजार झालेल्यांना उठवावयासहि कोणी नाहीं. हिंदी वैद्यकीय खात्याचे मेजर कार्टर यांनीं बसऱ्यास येऊन लागलेल्या अशा एका बोटीचें दृश्य वरिष्ठांना कळविलें, तेव्हां त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. पुढें पार्लमेंटनें नेमलेल्या चौकशी मंडळापुढें त्यांची साक्ष झाली. त्या मंडळाचा अहवाल १९१७ च्या जून महिन्यांत प्रसिद्ध झाला व भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. इराकांतील पुष्कळ जखमी व आजारी मुंबईस आणले जात. मुंबईकरांच्या परिचयाचें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम तेव्हां नुकतेंच बांधून झालें होतें. त्यांत पुराणवस्तूंच्या ऐवजीं प्रथम लष्करी इस्पितळ मांडलें गेलें.

टेसिफोनहून मागें फिरलेली फौज ३ डिसेंबरला कूत येथें पोहोंचली आणि चारच दिवसांत तुर्कांनीं तिला वेढलें. कूत हें नदीच्या वळणांत वसलेलें मातीच्या घरांचें गांव. तिन्ही बाजूंस नदी आणि चौथ्या बाजूस खंदक. त्या खंदकांच्या ईशान्येच्या टोकाला एक मातीची गढी. २४ डिसेंबर रोजीं तुर्कांनीं तोफांनीं गढीची भिंत पाडली व खिंडारांतून आंत उड्या घेतल्या. तेथें १०३ वी मराठा इतर दोन पलटणींबरोबर होती. दिवसा आणि पुन्हा रात्रीं, हातबाँब व संगिनींनीं, हाताच्या अंतरावर झुंज झाली. तुर्क परत फिरले आणि पुन्हा कधीं त्यांनीं तसा हल्ला केला नाहीं. ज्यांच्या लढाऊपणाविषयीं वर्षापूर्वीं शंका घेतली जात होती, त्यांचें उत्तर त्या गढींत मिळालें.

परंतु वेढ्यांत खरी लढाई पोटाशीं होती. गोऱ्या शिपायांना घोड्याचें व खेचराचें मांस मिळे. हिंदी शिपायांनीं तें नाकारलें. धर्माचा प्रश्न होताच. त्याहून मोठा प्रश्न गांवचा होता. घोडें खाल्लें हें घरीं कळलें तर पंगतींत कोण घेईल, मुलीबाळींचीं लग्नें कशीं होतील, ही धास्ती. हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांकडून तारेनें अनुज्ञा मागविण्यांत आली व तीहि आली. तरी बहुतेकांनीं एप्रिल महिना उजाडेपर्यंत मांसाला हात लावला नाहीं. सेनापतींनीं त्यांस हट्टी म्हटलें. पण ज्या समाजांत या माणसांना परत जावयाचें होतें त्याचे कायदे तारेनें बदलत नसतात, हें सेनापतींना उमजावयास हवें होतें. आणि तारेनें आलेली अनुज्ञा मागावयाची होती ती मोहिमेच्या आरंभीं, कोठारें भरलेलीं असतां. उपासमार दाराशीं आल्यावर नव्हे.

या वेढ्यांतून वैद्यकालाहि एक धडा मिळाला. बारीक पांढऱ्या पिठाची रोटी खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना आरंभीं बेरीबेरीनें गांठलें; पुढें जवाचें भरडें पीठ व मांस मिळूं लागल्यावर तो रोग हटला. उलट हिंदी शिपायांना कोंड्यासकट पीठ मिळत होतें म्हणून ते बेरीबेरीपासून बचावले, पण भाजीपाला नाहीं व मांसहि नाहीं, त्यामुळें त्यांच्या हिरड्या सुजूं लागल्या, सांधे धरले, जुन्या जखमा पुन्हा फुटल्या. स्कर्व्हीचे हजारावर रोगी झाले आणि ते जवळजवळ सारे हिंदी. पाऊस पडून गवत उगवलें तेव्हां शिपाई पाला खुडून शिजवूं लागले. आपल्या रानांतील घोळ, तांदुळजा, कुंजर हा मराठी शेतकरी डोळे मिटूनहि ओळखील. परंतु परक्या भूमींतील पाला परकाच. त्यांतील कांहीं विषारी निघाला व त्यानें प्राणहि घेतले. जीवनसत्त्वांचें शास्त्र त्या वेळीं नुकतें जन्माला येत होतें. कूतच्या डॉक्टरांनीं लिहून ठेवलेलीं निरीक्षणें पुढें त्या शास्त्राला उपयोगी पडलीं.

कूत सोडविण्यासाठीं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नैयात अशा एकामागून एक लढाया झाल्या. घाईनें पाठविलेल्या फौजा, अपुऱ्या तोफा, पुन्हा चिखल, पुन्हा उघडें मैदान. जे धडे साहिल व शैबा येथें मिळाले होते ते या नव्या फौजांना कोणी सांगितलेच नाहींत. त्यांनीं ते आपल्या रक्तानें पुन्हा पहिल्यापासून गिरविले. सुमारे तेवीस हजार माणसें या प्रयत्नांत मेलीं वा जखमी झालीं, आणि ज्यांना सोडवावयाचें होते ते होते सुमारे तेरा हजार. एप्रिलच्या उत्तरार्धांत विमानांतून पिठाच्या गोण्या टाकून पाहिल्या. कांहीं नदींत पडल्या, कांहीं तुर्कांच्या खंदकांत. महाराष्ट्रांत चैत्राच्या यात्रा चालू होत्या त्या महिन्यांत कूतमधील शिपायाला दिवसाकाठीं थोडे औंस जवाचें पीठ मिळत होतें. २९ एप्रिल १९१६ रोजीं, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, फौज शरण गेली. तिन्ही मराठा पलटणी कैदेंत पडल्या.

वाळवंटाची खरी ओळख अजून व्हावयाची होती. उपासानें खंगलेल्या शिपायांना कूतपासून बगदाद, तेथून मोसल व पुढें रास-अल्-ऐनपर्यंत नेण्यांत आलें. मध्यें थोडी आगगाडी, बाकी सारा पायपिटीचा रस्ता, तोहि मे-जूनच्या उन्हांत. ज्याचे जोडे फाटले तो अनवाणी चालला. जो बसला तो बहुधा उठला नाहीं. पुढें हिंदी कैद्यांपैकीं पुष्कळांना रास-अल्-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर लावण्यांत आलें. कैदेंत गेलेल्या हिंदी लोकांपैकीं सुमारे तीन हजार मेले वा कायमचे बेपत्ता झाले. गोऱ्या शिपायांतील मृत्यूंचें प्रमाण तर याहूनहि भयंकर होतें.

यानंतर राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. १९१६ च्या फेब्रुवारींतच मोहिमेचें नियंत्रण लंडनच्या युद्धखात्यानें आपल्या हातीं घेतलें होतें. ऑगस्टांत जनरल मॉड सरसेनापति झाले आणि कित्येक महिने त्यांनीं चढाईच केली नाहीं. बसऱ्यास धक्के बांधले, आगबोटी आणल्या, रेल्वे टाकली, इस्पितळें उभारलीं. भाजीपाला पिकविण्याचीहि व्यवस्था झाली. मग पाऊल उचललें. ११ मार्च १९१७ रोजीं बगदाद पडलें. तरीहि वाळवंट विसरभोळ्यांना क्षमा करीत नाहीं. त्याच वर्षीं जुलैंत रमादीवर भर उन्हाळ्यांत फौज पाठविली. तिच्या हानीपैकीं निम्म्याहून अधिक माणसें शत्रूच्या गोळीनें नव्हे तर उष्म्यानें गेलीं. सप्टेंबरांत तीच मोहीम पाण्याची व गाड्यांची चोख व्यवस्था करून काढली, तेव्हां रमादी हातीं आली. १९१८ च्या ऑक्टोबर अखेरीस शरकात येथें झालेल्या शेवटच्या लढाईंत ११४ व्या मराठा पलटणीनें जो पराक्रम केला त्याबद्दल तिच्या शिपायांना अनेक शौर्यपदकें मिळालीं. पलटण दुसरी होती, परंतु तिच्या मागें चार वर्षांची विद्या होती.

युद्ध संपल्यावर ११७ व्या पलटणीस ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेंत साऱ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्यें गोंवल्या गेल्या व बेळगांव हें त्यांचें शिक्षणकेंद्र झालें. मराठ्यांच्या लढाऊपणाविषयींची शंका इराकनें कायमची पुसून टाकली. परंतु एका गोष्टीची शिक्षा पुढच्या पिढीलाहि भोगावी लागली. जून १९४२ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील तोब्रुक येथें जर्मनांचा हल्ला नेमका मराठ्यांच्या दुसऱ्या पलटणीच्या आघाडीवर कोसळला. ही पलटण म्हणजेच जुनी १०५ वी. तिचे शिपाई नवखे नव्हते. १९४१ मध्यें एरिट्रियांतील केरनच्या डोंगरांत ते लढले होते. परंतु अफाट लांबीची आघाडी, विस्कळित झालेले सुरुंग आणि रणगाड्यांची अपुरी पाठराखण यांपुढें त्यांचें शौर्य एका दिवसापलीकडे पुरलें नाहीं. २१ जूनला तोब्रुक पडलें व पुन्हा मराठी शिपाई वाळवंटांत कैदी झाले. सव्वीस वर्षांनीं कूतचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला: शिपायाला जें कळतें तें त्याला पाठविणाऱ्यांना वेळेवर कां कळूं नये?

बसऱ्याजवळ १९२९ मध्यें एक मोठें स्मारक उघडण्यांत आलें. ज्यांच्या कबरी सांपडल्या नाहींत अशा इराकांतील चाळीस हजारांहून अधिक मृतांचें तें स्मारक. १९९७ मध्यें तें मूळ जागेवरून हलवून वाळवंटांत नेण्यांत आलें. त्याच्या शिळांवर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं. हिंदी अंमलदारांचींहि कोरलीं गेलीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी देण्यांत आली. सातारा जिल्ह्यांतील आपशिंगे गांवींहि पहिल्या महायुद्धाचा स्मृतिलेख आहे. त्या गांवच्या ४६ जणांनीं त्या युद्धांत प्राण दिले असें सांगतात. तेथेंहि परक्या वाचकाला प्रथम आंकडाच कळतो. गांवाला मात्र तीं माणसें आंकड्यानें ठाऊक नव्हतीं. त्यांचीं घरें, त्यांचीं शेतें आणि त्यांच्यामागें राहिलेलीं माणसें गांवाला नांवानिशीं ठाऊक होतीं. महाराष्ट्राच्या जुन्या घरांत अजूनहि कोठें एखादें काळवंडलेलें पदक, एखादें पेन्शनचें पुस्तक वा मोडींत लिहिलेलें एखादें पत्र पडलें असेल. शरकात, शैबा, कूत हीं नांवें त्यांवर दिसलीं तर तें रद्दींत जाऊं देऊं नये. बसऱ्याच्या शिळेवर जो केवळ एक आंकडा आहे, त्याचें नांव अशाच एखाद्या कागदावर सांपडण्याचा संभव आहे.